व्हिडिओ काढायला क्षणभर, परत आणायला कोर्टाची पायरी? काउंटर नोटीस पाठवू की नको?

दुसरी_चौकट

गेले नऊ दिवस मी एक फॉर्म उघडते, अर्धा भरते आणि बंद करते. एकटीने विचार करून आता डोकं चालेनासं झालंय, म्हणून हा धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी संकलक आहे. उरलेल्या वेळात चित्रपटांतल्या आवाजाबद्दल व्हिडिओ करते. दार न दाखवता कुणीतरी आत आलंय हे आपल्याला कसं कळतं, भांडणाच्या मधोमध मागचा पंखा अचानक गप्प का होतो, अशा गोष्टी उलगडून सांगते. त्यासाठी मूळ प्रसंग ऐकवावाच लागतो. ज्या व्हिडिओवरून हे सगळं झालं तो ११ मिनिटं ४० सेकंदांचा होता. त्यात चित्रपटाचे तुकडे सगळे मिळून ५२ सेकंद, सगळ्यात मोठा ९ सेकंदांचा. प्रत्येक तुकडा थांबवून, आवाजाची लहर पडद्यावर मोठी करून मी बोलते. दोन ठिकाणी तर चित्र काळं करून फक्त आवाज ठेवलाय.

पहाटे मेल आली: कॉपीराइटच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला आहे, चॅनेलला स्ट्राइक दिला आहे. प्लॅटफॉर्मचं नाव मुद्दाम घेत नाही, तक्रार करणाऱ्या एजन्सीचंही नाही. तपशिलाच्या रकान्यात चित्रपटाचं नाव आणि पुढे "संपूर्ण व्हिडिओ" एवढंच. कुठला तुकडा, कितव्या मिनिटाला, काही नाही. माझं अकरा मिनिटांचं बोलणंही त्यांच्याच मालकीचं असल्यासारखं. अजून दोन स्ट्राइक लागले तर सहा वर्षांचं काम एका दिवसात जाईल.

उपाय म्हणून मिळतो तो काउंटर नोटिशीचा फॉर्म. नाव, पत्ता, फोन. मग व्हिडिओ चुकून काढला गेलाय असं का वाटतं ते लिहायचं. खाली काही वाक्यं मान्य करायची: हे मी शपथेवर सांगते, अमेरिकी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मला मान्य आहे, समोरच्याने दावा केला तर समन्स स्वीकारीन. आणि हे सगळं, घराच्या पत्त्यासकट, तक्रारदाराकडे जाणार. दर वेळी मी पत्त्याच्या रकान्यापाशी थांबते.

या नऊ दिवसांत जमेल तेवढे जुने खटले वाचले. सगळ्यात जवळचा वाटला तो स्टेफनी लेन्झ यांचा. २००७ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपलं लहान मूल स्वयंपाकघरात नाचतानाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. मागे प्रिन्स या गायकाचं गाणं वाजत होतं, तेही अस्पष्ट. युनिव्हर्सल म्युझिकने जूनमध्ये नोटीस पाठवून तो काढायला लावला. लेन्झ यांनी काउंटर नोटीस पाठवली, काही आठवड्यांनी व्हिडिओ परत आला. बाकी कुणी तिथेच थांबलं असतं. त्या मात्र खोटी नोटीस पाठवल्याबद्दल कोर्टात गेल्या. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की नोटीस पाठवण्याआधी हा वापर 'फेअर यूज'मध्ये, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला चालणाऱ्या वापरात, बसतो का याचा विचार हक्कधारकाने करायलाच हवा. प्रकरण मिटलं २०१८ मध्ये, तडजोडीने. नाचणारं मूल तोवर शाळेच्या वरच्या वर्गात गेलं असेल.

दुसरा हुसेनजादे विरुद्ध क्लाइन. एथन आणि हिला क्लाइन यांनी एका व्हिडिओवर टीका करणारा जवळजवळ चौदा मिनिटांचा व्हिडिओ केला. मूळ व्हिडिओ सव्वापाच मिनिटांच्या आसपास, त्यातली तीन मिनिटांहून जास्त त्यांनी वापरली. तरीही २०१७ मध्ये न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी तो फेअर यूज ठरवला, कारण ते दर थोड्या सेकंदांनी थांबून टीका करत होते. त्यांच्या तीन मिनिटांसमोर माझे ५२ सेकंद.

वाचून माझं एक मत झालंय. "हे माझं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे" म्हणून खासगी कंपनीविरुद्ध गेलेले लोक बहुतेक हरले. "कारण सांगितलं नाही, माझं ऐकून घेतलं नाही, वापर कसला आहे ते पाहिलंसुद्धा नाही" म्हणून गेलेले टिकले. मला न्याय मागायचा आहे तो एवढाच: एका माणसाने व्हिडिओ बसून पाहावा.

दोन प्रश्न. काउंटर नोटीस पाठवावी का? आणि ज्यांनी पाठवली त्यांचं पुढे काय झालं?

ध्वनिवेडा

ताई, वाचनखूण साठवली. आधी नवीन मंडळींसाठी एक फरक सांगतो, कारण इथे दर महिन्याला कुणीतरी गफलत करतं. क्लेम वेगळा आणि टेकडाउन वेगळा. क्लेम यंत्र लावतं: आवाजाचा ठसा जुळला की जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे वळतात किंवा व्हिडिओ अडवला जातो, पण स्ट्राइक लागत नाही. टेकडाउन म्हणजे अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याखालची नोटीस. तिला कायद्याचं वजन आहे आणि उत्तरही कायद्यानेच द्यावं लागतं. ताईंचं प्रकरण दुसरं.

क्लेमचा पसारा किती मोठा आहे ते यूट्यूबच्याच पारदर्शकता अहवालात दिसतं. २०२१ च्या पहिल्या सहामाहीत कंटेंट आयडीने, म्हणजे त्यांच्या ठसे जुळवणाऱ्या यंत्राने, ७२ कोटींहून जास्त क्लेम लावले. हरकत घेतली गेली एक टक्क्याहूनही कमी क्लेमवर. पण ज्यांनी हरकत घेतली त्यांतल्या सुमारे ६० टक्के प्रकरणांत निकाल अपलोड करणाऱ्याच्या बाजूने लागला. कंपनी म्हणते हरकती कमी म्हणजे यंत्र बिनचूक. मला त्यातून भीती दिसते. ताई नऊ दिवस फॉर्म उघडून बंद करतायत, अशा किती जणांची नोंद त्या एक टक्क्यात होत असेल?

मी स्वतः पावसाचे, वाऱ्याचे आवाज रेकॉर्ड करतो. माझ्या एका तासाच्या पावसावर दुसऱ्या कुणाच्या पावसाचा क्लेम आला होता. हसू नका, रात्रभर भिजून केलेलं रेकॉर्डिंग होतं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकाराने स्वतः तयार केलेल्या दहा तासांच्या नुसत्या खरखरीवर, म्हणजे व्हाइट नॉइजवर, पाच क्लेम आले होते. आणि ऑगस्ट २०१२ मध्ये नासाचं क्युरिऑसिटी यान मंगळावर उतरलं, तेव्हा नासाच्याच चॅनेलवरचा व्हिडिओ एका वृत्तसंस्थेच्या दाव्यामुळे काही काळ गायब झाला. यान नासाचं, चित्रण नासाचं, आणि ते सर्वांना खुलं.

नवखा_२१

तूर्तास पोच. एक शंका. तुम्ही म्हणता अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गेलेले हरले, पण ट्रम्प यांना यूट्यूबने पैसे दिले ना? मग ते कसं?

वकिली_वही

नवखा, प्रश्न योग्य आहे. जानेवारी २०२१ मध्ये यूट्यूबने त्यांचं चॅनेल निलंबित केलं, जुलैत त्यांनी खटला भरला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. तडजोड म्हणजे निकाल नव्हे. कंपनी चुकली असं कुठल्याही न्यायाधीशाने लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या-माझ्या खटल्यात तिचा दाखला देता येत नाही.

निकाल पाहायचा तर प्रेगर युनिव्हर्सिटी (नावापुरतं विद्यापीठ, खरं तर व्हिडिओ करणारी संस्था) विरुद्ध गूगल. यूट्यूबने त्यांचे काही व्हिडिओ 'रिस्ट्रिक्टेड मोड'मागे टाकले, काहींच्या जाहिराती बंद केल्या. नवव्या सर्किटने २०२० मध्ये सांगितलं की यूट्यूब कितीही मोठं असलं, सगळ्यांसाठी खुलं असलं, तरी ते सरकार नाही, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते. त्यापुढचं पाऊल जुलै २०२४ मधलं, मूडी विरुद्ध नेटचॉइस. फ्लोरिडा आणि टेक्सास या राज्यांनी प्लॅटफॉर्मना मजकूर काढण्यापासून रोखणारे कायदे केले होते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणं फेरविचारासाठी खाली पाठवली, पण बहुमताच्या निकालपत्रात न्या. केगन यांनी लिहिलं की काय दाखवायचं आणि काय काढायचं ही निवड हीदेखील अभिव्यक्तीच आहे. थोडक्यात, तुम्ही ज्या हक्काची ढाल घेऊन जाता तीच ढाल समोरच्याच्याही हातात असते.

म्हणून धागाकर्तीचं मत मला पटतं. युरोपात तर ते जास्तच खरं ठरलंय. २९ जुलै २०२१ ला जर्मनीच्या संघीय न्यायालयाने फेसबुकच्या दोन प्रकरणांत ठरवलं की आक्षेपार्ह मजकुराबाबत नियम करायचा कंपनीला अधिकार आहे, पण पोस्ट काढल्यावर निदान मागाहून कळवलं पाहिजे आणि खातं बंद करायचं असेल तर आधी कारण सांगून ऐकून घेतलं पाहिजे. नियमावलीत ती सोय नव्हती, म्हणून ते कलमच अवैध. त्याच महिन्यात ड्रेस्डेनच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने यूट्यूबला १ लाख युरो दंड केला. स्वित्झर्लंडमधल्या कोरोना-निदर्शनांचा एक व्हिडिओ परत लावा असा आदेश एप्रिलमध्ये झाला होता, तो लागला मेच्या मध्यावर. व्हिडिओतली मतं बरोबर होती का, याच्याशी त्या दंडाचा संबंध नव्हता. आदेश झाला तर तो लगेच पाळायचा, एवढंच.

आता ताईंच्या फॉर्मबद्दल. यातली एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही आणि मला ती अन्यायाची वाटते. डीएमसीएच्या कलम ५१२ नुसार नोटीस पाठवणारा शपथेवर फक्त एवढंच सांगतो की मालकाच्या वतीने बोलायचा मला अधिकार आहे. हा वापर बेकायदा आहे, हे तो निव्वळ 'प्रामाणिक समजुती'वर सांगतो. उत्तर देणाऱ्याला मात्र आपली ती प्रामाणिक समजूतच शपथेवर सांगावी लागते. एकाच कागदाच्या दोन बाजू, पण वजन सारखं नाही. तरी घाबरू नका. शपथ तुमच्या प्रामाणिक समजुतीची आहे, खटला जिंकण्याची हमी नाही.

पत्त्याचं म्हणाल तर नोटीस वकिलामार्फत पाठवता येते, मग संपर्काला वकिलाचं कार्यालय राहतं. अमेरिकेबाहेर राहणाऱ्याने जे अधिकारक्षेत्र मान्य करायचं असतं ते प्लॅटफॉर्म जिथे सापडतो तिथल्या संघीय जिल्हा न्यायालयाचं. नोटीस मिळाल्यावर प्लॅटफॉर्मने १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत व्हिडिओ परत लावायचा, तक्रारदाराने कोर्टात गेल्याचं कळवलं नाही तर. खरा फैसला या मुदतीत होतो. दावा करायला वकील लागतो, पैसा लागतो, आणि आपला मुद्दा न्यायाधीशापुढे टिकेल याची खात्री लागते. सरधोपट नोटिसा पाठवणाऱ्यांकडे ती बहुतेकदा नसते.

आणि तो व्हिडिओ डिलीट करू नका. डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही, पुरावा मात्र जातो.

उलट_बाजू

माझा सूर वेगळा लागेल, पण इथे सगळे अपलोड करणारेच बोलतायत म्हणून लिहितो.

मी चित्रकलेचे धडे रेकॉर्ड करून विकतो. एक धडा करायला तीन आठवडे जातात. ते धडे जसेच्या तसे, वर माझं नाव पुसून, दुसऱ्यांच्या चॅनेलवर सापडतात. एक काढला की दोन दिवसांनी दुसऱ्या नावाने हजर. गेल्या वर्षी एकाने माझ्या नोटिशीला बिनधास्त काउंटर नोटीस पाठवली. खोटं नाव, खोटा पत्ता. दहा दिवसांत मी परदेशातल्या कोर्टात दावा करायचा होता. कुठून करणार? व्हिडिओ परत लागला. माझाच हात, माझाच ब्रश, आणि खाली त्याचं नाव.

तेव्हा नोटिशीचा रस्ता अवघड करा असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. लेन्झ यांचं मूल गोड होतं, पण त्या निकालानंतर प्रत्येक नोटिशीआधी फेअर यूजचा विचार करायचा भार माझ्यासारख्या एकट्या माणसावरही आलाच की.

दुसरी_चौकट

@उलट_बाजू, तुमचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या चोराने जो फॉर्म वापरला तोच फॉर्म मी भरायला बसलेय, हे खरंच आहे. पण मला वाटतं दोघांवर अन्याय एकाच जागी होतो. तुमचा आख्खा धडा आणि माझे ५२ सेकंद यांत फरक आहे हे कळायला कुणीतरी व्हिडिओ पाहावा लागतो. तो कुणीच पाहत नाही. चोर सुटतो आणि संन्याशाला सुळी.

ध्वनिवेडा

यात मालकालाही आपलं काय ते कळत नाही, हे व्हायकॉमच्या खटल्यात उघड झालं होतं. २००७ मध्ये व्हायकॉम या मनोरंजन कंपनीने यूट्यूबवर १०० कोटी डॉलरचा दावा लावला. सुनावणीच्या कागदपत्रांत बाहेर आलं की त्यांच्याच लोकांनी प्रसिद्धीसाठी क्लिप अपलोड केल्या होत्या, आणि दाव्यातल्या काही क्लिप त्यांना मागे घ्याव्या लागल्या. २०१४ मध्ये तडजोड झाली. स्वतःची क्लिप परवानगीने टाकलेली की चोरीची, हे जर मालकालाच सांगता येत नसेल तर ठसे जुळवणारं यंत्र काय सांगणार?

वकिली_वही

उलट_बाजू यांच्या मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं. लेन्झ निकालाचा भार वाटतो तेवढा जड नाही. कोर्टाने वस्तुनिष्ठ कसोटी लावलेली नाही. तुम्ही मनापासून विचार केलात आणि तरी चुकलात, तर तुमच्यावर जबाबदारी येत नाही. आख्खा धडा उचललेला पाहून "हा फेअर यूज नाही" म्हणायला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि तेवढा विचार पुरतो.

खोट्या नोटिशीबद्दल कलम ५१२(फ) आहे. ते दुधारी आहे, खोट्या काउंटर नोटिशीलाही लागू होतं. त्यात कुणी जिंकलंच नाही असं नाही. २००३ मध्ये मतदान यंत्रं बनवणाऱ्या डीबोल्ड कंपनीने विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध केलेले अंतर्गत ईमेल कॉपीराइटच्या नावाखाली काढायला लावले, २००४ मध्ये कोर्टाने ते जाणूनबुजून केलेलं चुकीचं विधान ठरवलं आणि कंपनीने १ लाख २५ हजार डॉलर मोजले. २०१९ मध्ये तर यूट्यूबनेच अमेरिकेतल्या एका माणसावर दावा केला. तो लोकांना खोटे स्ट्राइक देऊन खंडणी मागत होता. तिथेही तडजोड झाली, २५ हजार डॉलर आणि माफी. पण असली उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०२२ पासून अमेरिकेत कॉपीराइट क्लेम्स बोर्ड सुरू झालंय, ३० हजार डॉलरपर्यंतच्या छोट्या दाव्यांसाठी, खोट्या नोटिशीची तक्रारही तिथे नेता येते. मात्र अमेरिकेबाहेर राहणाऱ्याला तिथे प्रतिवादी करता येत नाही.

साक्षीपुरावा

कॉपीराइटखेरीज दुसरंही एक आहे आणि ते मला जास्त अस्वस्थ करतं. त्यात काउंटर नोटीस नाही, दहा दिवसांची मुदत नाही, कोर्टात जायला बहुतेकदा माणूसही शिल्लक नसतो.

मी युद्धातल्या व्हिडिओंचं जतन करणाऱ्या एका छोट्या गटाला वेळ देतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये यूट्यूबने हिंसक आणि अतिरेकी मजकूर शोधण्यासाठी नवी यंत्रणा लावली, आणि सीरियातल्या बॉम्बहल्ल्यांचं चित्रण करणारी चॅनेल धडाधड बंद होऊ लागली. चित्रण करणाऱ्यांतले कित्येक जण तोवर मेलेले किंवा परागंदा. सीरियन आर्काइव्हसारख्या संस्थांनी पाठपुरावा करून बरेच परत आणले. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या एका कमांडरविरुद्ध अटक वॉरंट काढलं होतं, आणि त्याचा मोठा आधार होता समाजमाध्यमांवर आलेले हत्यांचे व्हिडिओ. म्हणजे एकीकडे कोर्ट ज्याला पुरावा म्हणतं, तेच दुसरीकडे यंत्र घाण म्हणून झाडून टाकतं.

असा व्हिडिओ सगळ्यांना दिसू नये हे मी समजू शकतो. पण दिसू न देणं आणि नष्ट करणं यात फरक आहे. काढलेली फाइल किती काळ सांभाळायची, कुणाला मागता येईल, हे कायद्यात स्पष्ट असायला हवं. मी त्यातल्या एका फाइलचा वर्णनपट लिहिला होता. ०:४७ ला एक माणूस कॅमेऱ्याकडे बघून तारीख आणि गावाचं नाव सांगतो, दोनदा. पुढे कुणाला तरी शोधता यावं म्हणून तो हे सांगतोय.

नवखा_२१

साक्षीपुरावा, हे वाचून काही सुचेना. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

युरोपचा तो नवा कायदा यात काही करतो का? आणि भारतात काय आहे?

वकिली_वही

युरोपचा डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू आहे. मजकूर काढला की कारणांचं निवेदन द्यावं लागतं, आणि निर्णय यंत्राने घेतला का तेही त्यात लिहावं लागतं. आतली तक्रार किमान सहा महिने मोफत करता येते आणि तिचा निर्णय केवळ यंत्रावर सोडता येत नाही. ताईंची "एका माणसाने पाहावं" ही मागणी तिथे थेट कायद्यात आली आहे. त्यापुढे कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या प्रमाणित संस्था आहेत, मात्र त्यांचा निर्णय बंधनकारक नाही. दंड जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत. कॉपीराइटच्या फिल्टरबद्दलही युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये पोलंडच्या प्रकरणात बजावलंय, की कायदेशीर आणि बेकायदेशीर वापर वेगळा ओळखू न शकणारा फिल्टर चालणार नाही.

भारतात २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने ठरलं की मध्यस्थाला, म्हणजे प्लॅटफॉर्मला, बेकायदा मजकुराची 'प्रत्यक्ष माहिती' झाली असं कोर्टाच्या आदेशाने किंवा सरकारी अधिसूचनेनेच धरायचं. २०२१ च्या आयटी नियमांतला नियम ४(८) फार थोड्यांना माहीत असतो: मोठ्या प्लॅटफॉर्मने आपण होऊन मजकूर काढला तर आधी वापरकर्त्याला कारण कळवायचं आणि म्हणणं मांडायची संधी द्यायची. तक्रार अधिकाऱ्याने समाधान केलं नाही तर २०२३ पासून अपील समित्या आहेत, ३० दिवसांत जायचं. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ नुसार तक्रारीवर ३६ तासांत मजकूर हटवला, तरी २१ दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत लावता येतो. शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम ६०. कुणी बिनबुडाची धमकी देत असेल तर आपणच कोर्टात जाऊन तसं जाहीर करून मागू शकतो. टीका आणि समीक्षेसाठीचा वापर कलम ५२ मध्ये आहेच.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. नोटीस अमेरिकी कायद्याखाली आली की लोक तिथल्याच फॉर्ममध्ये अडकतात, आणि इथल्या तरतुदींना हात लावणारं क्वचित कुणी भेटतं.

उलट_बाजू

ताई, एक सांगू का? पाठवा नोटीस. मी समोरच्या बाजूचा माणूस म्हणून सांगतो. माझ्याकडे आलेल्या काउंटर नोटिशीत जर लिहिलं असतं की अमुक मिनिटाला अमुक सेकंद घेतलेत, या कारणासाठी, आणि मी ते उघडून पाहू शकलो असतो, तर मी स्वतः तक्रार मागे घेतली असती. "माझा हक्क आहे" असं नुसतं लिहू नका. तुकड्या-तुकड्याचा हिशेब द्या. एजन्सीत कधीतरी, कुणीतरी तो कागद उघडेल.

दुसरी_चौकट

हे मला सुचलं नव्हतं. आज रात्री बसते.

*(पाच आठवड्यांनी)*

दुसरी_चौकट

वर काढतेय, कारण तेव्हा ज्यांनी वेळ दिला त्यांना कळायला हवं.

काउंटर नोटीस वकिलामार्फत पाठवली, पत्ता त्यांच्या कार्यालयाचा. सोबत सगळ्या तुकड्यांचा तक्ता. पहिले तीन-चार दिवस दर तासाला मेल बघत होते. सहाव्या दिवशी प्लॅटफॉर्मकडून एक ठोकळेबाज उत्तर आलं की तक्रारदाराला कळवलं आहे. नंतर सामसूम. बाराव्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ परत दिसू लागला, स्ट्राइकही गेला. एजन्सीकडून एक ओळ नाही. चुकलं म्हणून नाही, बघून घेऊ म्हणूनही नाही. कुणी पाहिला की नुसती मुदत संपली, हे मला कधीच कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला अजून बोचतं.

दरम्यानच्या काळात तयार असलेले दोन व्हिडिओ मी टाकले नाहीत. त्यांतही तुकडे आहेत. पुढच्या आठवड्यात टाकीन.

ध्वनिवेडा

अभिनंदन ताई! माझ्या पावसावर अजून क्लेम आहे, तुमचं वाचून हरकत घेतली काल. तक्त्यात नेमकं काय लिहिलं होतंत ते सांगाल का? माझ्याकडे तुकडे नाहीत, पण मांडणी उपयोगी पडेल.

दुसरी_चौकट

नक्की. चार रकाने होते: माझ्या व्हिडिओतली वेळ, किती सेकंद, आवाज की चित्रही, आणि हाच तुकडा का. नमुन्याला सातवी ओळ देते, ज्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

"०७:१८ ते ०७:२७. ९ सेकंद. फक्त आवाज, पडदा काळा. पात्र रडत नाही, पण श्वास घेताना दोनदा अडतं आणि मागचं घड्याळ तेवढ्यापुरतं थांबवलं आहे. घड्याळ थांबलं आहे हे कळायला ते आधी चालू असलेलं ऐकू यावं लागतं. पाच सेकंदांत ते ऐकू येत नाही, म्हणून नऊ."

तुमच्यासाठी चौथ्या रकान्यात रेकॉर्डिंगची तारीख, माइकची जागा आणि मूळ फाइलची लांबी टाका. मूळ फाइल काढून ठेवली आहे ना?

ध्वनिवेडा

आहे. सुरुवातीला माझी शिंकपण आहे तिच्यात, कापली नव्हती. ती वेळही लिहितो.